सुईत पास झालेले डोळे

लग्नाआधी माझे डोळे तपासले गेले होते, आणि तेही सुईनं. मुलगी पाहायला आलेल्या बाईनं सुई पुढे करायची, मुलीनं तिच्यात दोरा ओवायचा. ओवला की डोळे चांगले, नाही ओवला की पोहे खाऊन पाहुणे परत. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास आमच्या वऱ्हाडात ही परीक्षा घरोघरी चालायची, आणि एवढ्या मोठ्या मुलुखात एकाही शहाण्याला तिच्यात खोट दिसली नाही. मी त्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झाले. आणि मला दहा हातांवरचा माणूस ओळखू येत नव्हता.

तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि आमचं गाव केनवडच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी एक. वडील भाजीपाला पिकवायचे. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बाजाराला जायचे आणि गावभर स्वतःच्या हुशारीच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या या हुशार घरात मी जन्माला आले ती असले डोळे घेऊन. पण ते माझं मलाच माहीत नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. झाड म्हणजे खाली खोड आणि वर हिरवा गोळा. पानं असतात, पण ती झाडाजवळ गेल्यावर होतात, अशी माझी पक्की समजूत होती. कोणाला विचारावं असं कधी वाटलं नाही. झाडाला लांबून पानं असतात का, असं कोणी विचारतं का?

शाळेत मास्तर होते. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं तर अक्षर सुंदर होतं, असं लोक म्हणत. मला ते अक्षर कधी दिसलं नाही. मुलींना मागं बसवत, फळा तिकडे भिंतीला, आणि माझ्या पाटीवर काही उतरत नसे. मास्तरांनी त्यावर एकच औषध शोधलं होतं, छडी. "डोये हायेत का कवड्या?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता मारायचे. एवढा शिकलेला माणूस, पण जे तोंडानं विचारतो आहे त्याचाच एकदा विचार करावा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

सातवीत प्रकाशाचा धडा होता. मास्तर डोळे मिटून तो म्हणायचे आणि आम्ही त्यांच्यामागून. विरळ माध्यमातून घन माध्यमात जाताना प्रकाशकिरण स्तंभिकेकडे झुकतो, यालाच वक्रीभवन म्हणतात. बहिर्गोल भिंग किरण एकत्र आणतं, अंतर्गोल भिंग फाकवतं. प्रतिमा उलटी पडते. स्तंभिका म्हणजे काय, हे वर्गात कोणाला माहीत नव्हतं, आणि माझा पक्का संशय आहे की मास्तरांनाही नव्हतं. शाळेच्या पेटीत लाल फडक्यात गुंडाळलेलं एक भिंग होतं. ते आम्हाला दिसावं म्हणून नव्हतं, शाळेत आहे म्हणून होतं. तपासणीला साहेब येणार असं कळलं, तेव्हाच ते बाहेर निघालं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. दारं लावली, खिडक्या लावल्या, एका खिडकीचंच एक दार उघडं ठेवलं. मुलं खिडक्या दाबून धरायला लागली, म्हणून कागद धरायला मी उरले. पाटीवर पांढरा कागद ठेवून मी उभी, समोर मास्तर भिंग धरून, त्यांच्या मागं उघडी खिडकी आणि खिडकीबाहेर कडुलिंबाचं झाड. मास्तरांनी भिंग पुढं केलं, मागं केलं. कागदावर आधी नुसता उजेड होता. मग तो गोळा होत होत एकदम निवळला.

कागदावर लिंबाचं झाड होतं, उलटं, बुंधा वर आणि शेंडा खाली. आणि त्याला पानं होती. एकेक पान वेगळं, वाऱ्यानं हलणारं. इतक्या लांबच्या झाडाची पानं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते, कारण ते झाड आता माझ्या नाकापुढं आलं होतं. मी ओरडले, "याले पानं हायेत!"

वर्ग हसून लोटपोट. मास्तर म्हणाले, "झाडाले पानं नाई तं काय भाकरी राह्यतीन? प्रतिमा उल्टी हाय, थे पाह्य."

उलटीचं कोणाला काय पडलं होतं! मी तिथंच उभी राहून खिडकीबाहेर पाहिलं, तर हिरवा गोळा. खाली कागदावर पाहिलं, तर पानं. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला तेवढ्यात कळलं, की खोट झाडात नाही, आपल्यात आहे. मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि त्यांना काही कळलं नाही. त्यांनी भिंग पुसून फडक्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी भिंग आहे ना, एवढंच विचारलं आणि चहा पिऊन गेले.

घरी मी वडिलांना सांगितलं, मला लांबचं दिसत नाही, चष्मा पाहिजे. ते मिरच्यांची टोपली उचलत होते, ती खाली ठेवली. मला वाटलं, आता जवळ घेतात. ते म्हणाले, "हे तोंडातून पुन्हा काढू नोको. चष्मेवाल्या पोट्टीले कोन करन?" मग आईला म्हणाले, "शायेत जाऊन डोये बिघडले इचे. बंद कर." झालं. डोळ्यांचा इलाज म्हणून माझी शाळा बंद झाली. गावभर हुशारी मिरवणारा माणूस हा!

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. साडी नको, पाटल्या नको. कागदावर जे झाड उलटं दिसलं, ते मला सुलटं, बाहेर, त्याच्या जागी पाहायचं होतं.

तीन-चार वर्षांनी आसेगावकडचं स्थळ आलं. पाहुण्यांमध्ये मुलाची आई स्वतः होती, विधवा, करारी बाई. गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं, असं ती स्वतःच सांगत होती. वडील घामाघूम झाले होते. तिनं कमरेच्या पिशवीतून सुई काढली, हात लांब करून, मान मागं नेऊन तिच्याकडे पाहिलं आणि माझ्यापुढं धरली. "ओव."

मी सुई नाकाजवळ नेली आणि पहिल्याच झटक्यात दोरा पार केला. मला ते भोक दारासारखं दिसत होतं. जवळचं मला कोणापेक्षाही चांगलं दिसायचं, आजही दिसतं.

"डोये हिऱ्यावानी हायेत पोरीचे," ती म्हणाली. वडिलांनी छाती फुगवली. "आमच्या घरात आजवर कोनाले चष्मा नाई," असं म्हणाले, आणि ते मात्र खरंच होतं.

म्हणजे पाहा. लांबचं दिसत नाही अशा पोरीची जवळचं दाखवून परीक्षा, आणि परीक्षा घेणारी बाई अशी की तिला स्वतःला ती सुई दिसत नाही! या दोघींनी मिळून लग्न ठरवलं आणि दोन्हीकडच्या बाप्यांनी माना डोलावल्या.

सासर म्हणजे मळ्यातलंच घर. पुढं ओटा, अंगण, त्यापुढं नाला आणि नाल्यापलीकडे चुलत सासऱ्यांचा मळा. त्यांच्याशी बांधावरून भांडण होतं, त्यामुळं तिकडे जायचं नाही आणि त्यांचं नावही काढायचं नाही. पण मोठं माणूस ते मोठंच. दिसलं की डोक्यावर पदर घ्यायचा आणि उठून उभं राहायचं, हे आईनं बजावून पाठवलं होतं. आता दिसलं की म्हणजे काय? मला लांबून सगळी माणसं सारखीच दिसत. पहिल्याच महिन्यात गावातले एक वडीलधारे समोरून गेले आणि मी ओट्यावर तशीच बसून राहिले. "सून घमंडी हाय" असा गवगवा झाला. अशा गवगव्यावर पोरी माहेरी परत पाठवल्या जायच्या, आणि माझ्या डोळ्यांची खरी गोष्ट फुटली असती तर मला त्याच दिवशी गाडीत बसवलं असतं. म्हणून मी ठरवलं, जे हलेल त्याला मान द्यायचा. मग मी दारावरच्या भिक्षेकऱ्याला पदर घेतला, गड्याला घेतला, आणि एकदा शेजारच्या गोऱ्ह्यालाही घेतला. पायांचा आवाज जवळ आला तेव्हा ते गोऱ्हं असल्याचं कळलं.

सगळ्यात जास्त छळलं ते त्या चुलत सासऱ्यांनी. नाल्यापलीकडे, आमच्या ओट्याच्या अगदी समोर, उभे. सकाळी उभे, दुपारी उन्हात उभे, संध्याकाळी उभे. डोक्याला पागोटं, अंगात काळपट डगला, आणि मधूनच हात हलवायचे. भांडण आहे तरी आमच्याच घराकडे तोंड करून! खेड्यात रिकामटेकड्या म्हाताऱ्यांना काय तोटा, पण एवढा रिकामा मी पाहिला नव्हता. त्यांच्यापायी मला ओट्यावर बूड टेकता येईना. संध्याकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नाल्याकडे पाठ करून ओट्यावर गोधडी घेऊन बसत आणि मी त्यांच्यापुढं पदर घेऊन ताटकळत उभी. तिथूनच सुया ओवून देई. पाय भरून येत. ते दिवसभर का उभे असतात, असं नव्या सुनेनं परपुरुषाबद्दल विचारायची सोय नव्हती.

आणि गंमत अशी, की हळूहळू गावात माझं नाव व्हायला लागलं. "सून पाहावं तं यांची. उभीच राह्यते बिचारी, पदर पडू देत नाई." ज्या तोंडांनी मला घमंडी म्हटलं, त्याच तोंडांनी. अक्कल गहाण टाकलेली सगळी!

माझं सोंग ओळखलं ते नवऱ्यानं. तो वाशीमला भाजी टाकून येत होता, लांबून त्यानं हात केला आणि मी पदर ओढून तोंड फिरवलं. तो जवळ येऊन म्हणाला, "काहून वं, रागावली काय?" मी सगळं सांगून टाकलं. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त आईपुढं त्याची वाचा बसायची. माझं पोट दुखतं असं घरी सांगून त्यानं मला वाशीमहून रेल्वेनं अकोल्याला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांपुढं एकामागून एक काचा धरल्या आणि कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्यातही एक भिंग असतं, मागं पडदा असतो. लांबच्या वस्तूची प्रतिमा त्या पडद्यावर पडायला हवी. माझी पडद्याच्या अलीकडेच पडते, आणि पडद्यापर्यंत जाईतो पसरून जाते. वस्तू जवळ आणली की प्रतिमा मागं सरकते, बरोबर पडद्यावर, म्हणून सुई दिसते. अंतर्गोल भिंग लावलं की किरण आधी थोडे फाकतील आणि लांबचंही पडद्यावर येईल. आणि म्हातारपणी डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता जाते, तेव्हा जवळच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या मागं पडते. त्यांना फुगीर भिंग लागतं. मास्तरांनी वर्षभर घोकून घेतलेलं मला तिथं एका बैठकीत कळलं. आणि हेही कळलं, की आमच्या घरात एका बाईची प्रतिमा पडद्याच्या पुढं आणि दुसरीची मागं पडते, आणि दोघींचे डोळे हिऱ्यासारखे!

चष्मा तयार होऊन आला तो नवऱ्याच्या पिशवीतून, पावसाळ्याच्या शेवटी. मी तो हातात घेतला, घालणार एवढ्यात आत्याबाई आल्या. "हे काय सोंग?"

नवऱ्यानं कसंबसं सांगितलं. मला वाटलं, आता आरडाओरडा, आता गाडी जुंपा. पण बाई करारी. म्हणाल्या, "आन इकडे. म्या पाह्यतो खरा हाय का खोटा." चष्मा आपल्या नाकावर चढवला आणि कमरेची सुई काढली. पुन्हा तीच सुई! हात लांब केला, जवळ आणला, परत लांब केला. "अवो बाप्पा, याच्यानं तं सुईच गायब झाली!" मग नाल्याकडे पाहिलं. "झाडबी गेलं! डोये फोडाचा धंदा हाय हा. फसवलं तुमाले."

मी म्हटलं, "आत्याबाई, तो माह्या डोयाचा हाय, तुमच्या नाई."

"चष्मा म्हनजे चष्मा. चांगला असता तं सगळ्यायले दिसलं असतं." आणि तो उचलून उतरंडीतल्या जवसाच्या मडक्यात टाकला. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. "माय म्हनते तं असंन," म्हणाला. धन्य!

इतक्या वर्षांनी माझ्या हातात आलेलं झाड जवसात गेलं. मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी आत्याबाईंनी दोरा पुढं केला. मी म्हटलं, "चष्मा खोटा तं माहे डोयेबी खोटे. मले नाई दिसत सुई."

"कायले नखरे करून राह्यली?"

"खरंच नाई दिसत."

हिवाळा तोंडावर, गावच्या गोधड्या घरात येऊन पडलेल्या आणि ओवायला कोणी नाही. आत्याबाई खिडकीत गेल्या, अंगणात गेल्या, दोऱ्याला थुंकी लावून लावून दोरा भिजला. शेजारणीला बोलावलं तर तीही म्हातारी. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. मी नवऱ्याला मात्र सांगून ठेवलं होतं, आसेगावच्या बाजारात चष्मेवाला ताट मांडून बसतो, त्याच्याकडून एक घेऊन ये. "कोनता?" म्हणाला. मी म्हटलं, "कागदावरच्या अक्षरावर धर. अक्षर लहान दिसलं तं तो माह्या जातीचा, ठेवून दे. मोठं दिसलं तं मायच्या." एवढं मात्र त्यानं नीट केलं.

आत्याबाईंनी आधी तो लांब सरकवला. "मी काय मास्तरीन हाय?" पण दुपारी मी चुलीजवळून पाहत नाही असं दाखवत असताना त्यांनी तो हळूच नाकावर ठेवला. सुई काढली. आणि ओवली. एकदा ओवली, दोरा काढला, परत ओवली. मग मोठ्यानं हाक मारली, "इकडे ये."

मी पुढं जाऊन बसले. त्या माझ्या तोंडाकडे एवढ्या जवळून पाहायला लागल्या की मला लाज वाटली. "हनुवटीवर गोंदन हाय तुह्या?"

"हाव. लहानपनचं."

"म्या तं समजो तीळ हाय." दीड वर्ष एका चुलीवर स्वयंपाक करत होतो आम्ही. त्या बोटानं गोंदण चाचपत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग तुलेबी मी दिसत नसंन बरोबर."

"जवळून दिसता. ओट्यावरून अंगणात गेल्या की नाई दिसत."

त्या उठल्या, उतरंड उतरवली, मडक्यातून चष्मा काढला, पदरानं जवस झटकला. "घे. जा, पाह्य तुह्या झाडाचे पानं."

मी ओट्यावर आले आणि चष्मा घातला. नाल्याकाठी लिंब होता. त्याला पानं होती, शेंड्यापर्यंत, आणि शेंडा वर होता. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन रडले. मग काच पुसली, सवयीनं नाल्यापलीकडे नजर गेली आणि मी पदर घ्यायला हात उचलला.

पागोट्याखाली मडकं होतं. मडक्याला चुन्यानं डोळे काढले होते. डगल्याच्या बाहीत काठी होती आणि बाही वाऱ्यानं हलत होती.

मला एवढं हसू फुटलं की खांब धरावा लागला. आत्याबाई अंगणात उतरल्या होत्या, तिथून म्हणाल्या, "काहून हासून राह्यली?"

हसता हसता मी सांगून बसले. "थे बुजगावनं... म्या समजो, चुलत सासरे हायेत. रोज त्याच्यापायी उभी राहो मी."

आत्याबाईंनी मागं वळून त्या मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन् म्या साऱ्या गावात सांगो," त्या म्हणाल्या, "माही सून माह्यासमोर बसत नाई."

अंगणापलीकडे होत्या त्या. चष्म्यातून त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता, ओठ कसे दाबून धरले तेही. मी लांबून पाहिलेला माणसाचा तो पहिला चेहरा. मला वाटलं, आता चष्मा परत मडक्यात जातो.

त्या ओट्याजवळ आल्या, गोधडी उचलली आणि स्वतःच्या बाजूची जागा हातानं झटकली.

"मंग आता तं बस," त्या म्हणाल्या.